जुनेर

नवरात्र संपता संपता ऊन कडक झाले की कपाटे, ट्रंका आणि फडताळे रिकामी करून सगळे कपडे खळ्यात पसरायचे, ही आमच्या घरातली जुनी पद्धत आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीच्या किनारपट्टीवर ती न पाळून चालतच नाही, कारण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कपड्यांना असा काही कुबट वास लागतो की तो डांबरगोळ्यांनाही दाद देत नाही, आणि गडद रंगाच्या सुती कपड्यांवर बुरशीचे पांढुरके ठिपके हमखास उमटतात. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये मी अशीच उन्हे दाखवत होते. आईने ओटीवरून सहज विचारले, "हे सगळे तुझेच?" म्हणून मी मोजायला लागले आणि एकशे एकोणचाळीसवर थांबले. त्यांतल्या सव्वीस कपड्यांची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

मी २०२०च्या टाळेबंदीत पुण्याहून गावी आले ती परत गेलेच नाही. मालगुंडच्या अलीकडे, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचे चिऱ्याचे घर आहे. माडीवर रेंज मिळते म्हणून तिथे टेबल मांडून मी एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिते. दिवसातून दोन-तीन व्हिडिओ बैठका होतात आणि त्यांत माझे दर्शन खांद्यांपासून वर, एवढेच घडते. अशा नोकरीत कपड्यांची गरज निम्म्यावर यायला हवी होती, पण झाले भलतेच. पुण्यात असताना वर्षातून दोनदा दुकानात जाऊन कपडे घेणारी मी गावात आल्यावर दर पंधरवड्याला काहीतरी मागवू लागले. दोन बैठकांच्या मधल्या अर्ध्या तासात कुर्त्यांची छायाचित्रे पाहत बसायचे, आणि पाच-सहा दिवसांनी पार्सलवाला मुलगा कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी हॉर्न वाजवू लागला की जिना उतरून धावायचे, एवढीच काय ती त्या एकसुरी दिवसांतली हालचाल होती. पार्सल फोडून झाले की आतल्या कुर्त्यातले माझे लक्ष उडत असे, याची साक्ष त्या सव्वीस चिठ्ठ्या देत होत्या.

त्या ढिगात पुण्यात २०१३ साली घेतलेला एक शर्टही होता आणि त्याच्या मानेवरच्या पट्टीवर ‘मेड इन बांगलादेश’ असे छापलेले होते. त्याच वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसल्यावर खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली होती, शिवणकाम करणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावून घेतले होते. ही बातमी मी तेव्हाही वाचली होती आणि वाचून झाल्यावर बहुधा तोच शर्ट घालून कामावर गेले होते. शर्ट त्या इमारतीतला होता असे म्हणण्याला काहीच आधार नाही. पण नऊ वर्षांनंतरही तो धडधाकट होता, त्याची एकही शिवण उसवली नव्हती, आणि तो मी टाकायच्या ढिगात ठेवला होता, ही गोष्ट मला लागली.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच माझ्याही आला, की हे कोणाला तरी देऊन टाकावे. तसे मी एकदा केलेही होते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा आम्ही गावातून दोन पोती कपडे पाठवले होते. आठवड्याने धान्याच्या गाडीबरोबर मी स्वतः गेले, तेव्हा रस्त्याच्या कडेला चिखलात कपड्यांचा ढीग पडलेला होता आणि त्यात जरीचे घागरे, ओढणी नसलेले सलवार-कमीज, लहान मुलांचे वाढदिवसाचे कोट असे काय काय दिसत होते. परकर, टॉवेल आणि मॅक्सी यांचीच काय ती गरज होती आणि त्या ढिगात नेमके तेच नव्हते. एक बाई मला म्हणाल्या, "ताई, कपडे आता पुरे करा. झाडू असले तर बघा, आणि फावडी." घरातला चिखल उपसत असलेल्या माणसाला आमच्या कपाटातला चिखल उपसायला लावण्यासारखेच ते झाले होते.

तरीही ऑक्टोबरच्या त्या दुपारी मी पंधरा-वीस बरे कपडे निवडून पिशवीत भरले आणि आमच्याकडे परड्यातल्या कामाला येणाऱ्या काकींसमोर ठेवले. "काकी, हे तुमच्या मुलीला होतील. काही काही तर नवेच आहेत." काकींनी हात पुसले, वरचा कुर्ता उचलून त्याचे कापड दोन बोटांत चोळून पाहिले आणि घडी होती तशी परत ठेवली. "चांगले आहेत की ताई. मग तुम्हीच घाला ना." मी काहीतरी पुटपुटले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरात कोणाचं उतरलेलं घेत नाहीत. सासूबाईंचा नेम होता तो."

काकी बौद्धवाडीत राहतात. त्या नेमामागे काय असेल हे मला कळायला नको होते असे नाही, पण ते आठवायला मला रात्र व्हावी लागली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे, आणि चांडाळांची वस्त्रे मृतांच्या अंगावरची असावीत, असेही. त्या ग्रंथाचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी आमच्याच कोकणात, महाडला झाले, आणि त्याच परिषदेच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना जात ओळखू येईल अशा तऱ्हेने लुगडे नेसणे आणि तसले दागिने घालणे सोडून देण्यास सांगितले. मी ‘पुनर्वापर’ या गोंडस शब्दाखाली काकींपुढे जी पिशवी ठेवली होती, ती ठेवणाऱ्या हातांची रांग बरीच मागपर्यंत जात होती. त्यांच्या "मग तुम्हीच घाला ना" या बोलण्यात मला आधी टोमणा ऐकू आला. नंतर वाटले की तो एक अगदी व्यवहारी सल्ला आहे. मी स्वतः कोणाचे उतरलेले शेवटचे कधी घातले होते?

लहानपणी घातले होते. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की त्यांच्या ट्रंकेत आतेबहिणीला आखूड झालेले फ्रॉक असत आणि ते माझ्या अंगाला लावून पाहण्याचा कार्यक्रम आरतीआधी उरकला जाई. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण तेच फ्रॉक पुढे माझ्याकडून धाकट्या चुलतबहिणीकडे जात आणि तिच्याकडून आणखी कोणाकडे. पहिला पगार झाल्यापासून मात्र मी दुसऱ्याचा धागाही अंगाला लावलेला नव्हता. मी देणारी झाले होते, घेणारी उरले नव्हते.

म्हणून मी नेम केला. २२ मार्च २०२३च्या गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत नवा कपडा घ्यायचा नाही. अंतर्वस्त्रे आणि चपला यांना सूट होती. काही लागलेच तर कोणीतरी वापरलेले घ्यायचे, आणि ते घरच्या माणसाचे नसेल तर त्याचे पैसे मोजून द्यायचे. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे माझा नेम आपोआप जवळजवळ तेरा महिन्यांचा झाला, याचा हिशेब मी आधी केलाच नव्हता.

सुरुवात घरातूनच झाली. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्यांचे शाळेत घालायचे पाच सुती शर्ट आईने ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालून ठेवले होते. रिवाजाप्रमाणे ते देऊन टाकायला हवे होते, पण तिच्याने ते झाले नव्हते. मी ते मागितल्यावर ती म्हणाली, "गेलेल्या माणसाचं असं अंगावर घालत नाहीत." घानाची राजधानी आक्रा येथे कांटामांटो नावाचा वापरलेल्या कपड्यांचा अवाढव्य बाजार आहे आणि परदेशांतून तिथे येणाऱ्या कपड्यांना स्थानिक भाषेत ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण इतका चांगला कपडा जिवंत माणूस टाकेल यावर सुरुवातीला लोकांचा विश्वास बसत नसे. हे मी आईला सांगितले, त्यावर ती हसली नाही. दोन दिवसांनी मात्र तिने शर्ट स्वतः धुऊन, खळ घालून, माझ्या टेबलावर आणून ठेवले.

शर्ट खांद्यात मोठे होते, पण ते बाह्या दुमडून चालून जाते. अडचण कॉलरची होती. मानेच्या घामाने आणि वस्तऱ्याने खरखरीत केलेल्या हनुवटीने कॉलरची घडी विरून तिथून आतले बक्रम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारे जाड कापड, दिसू लागले होते, आणि माझ्या नोकरीत तर माणसाचा तेवढाच भाग दिसतो. तिठ्यावरच्या शिंपीकाकांना मी विचारले, "काका, कॉलर उलटून मिळेल का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "मिळेल. पण हे मागायला माणूस किती वर्षांनी आला!"

मी तिथेच स्टुलावर बसून ते काम पाहिले. कॉलर म्हणजे दोन कापडांच्या मध्ये बक्रम आणि त्या तिघांना खालच्या गळपट्टीत अडकवणारी एक शिवण. काकांनी दाढीचे पाते अर्धे मोडून घेतले आणि त्या शिवणीचा प्रत्येक तिसरा टाका कापत गेले. मग एका टोकाने ओढल्यावर सबंध दोरा सरसर निघून आला आणि कॉलर शर्टापासून वेगळी होऊन त्यांच्या हातात आली. तिच्या मधोमध त्यांनी खडूची रेघ मारली, गळपट्टीच्याही मधोमध मारली, कात्रीच्या टोकाने जुन्या दोऱ्याचे तुकडे वेचून काढले, आणि कॉलर पालथी करून दोन्ही रेघा एकमेकींवर बसवल्या. इतकी वर्षे आतल्या बाजूला अंधारात राहिलेले कापड वर आले. ते शर्टापेक्षा एक छटा गडद निळे होते. शर्ट नवा असताना बाबा कसे दिसत असतील, हे त्या दोन बोटे रुंद पट्टीवरून मला कळले. मशीन पुन्हा दोनदा फिरले आणि काम झाले. पंचवीस मिनिटे आणि चाळीस रुपये. दुसऱ्या दिवशी बैठकीत एका सहकाऱ्याने, "नवा शर्ट का?" असे विचारले, त्याला मी नुसतीच मान हलवली.

बाहेरून विकत घेण्याचा पहिला प्रयोग मात्र फसला. वापरलेले कपडे विकले जातात अशा एका ॲपवर ‘शुद्ध सुती, एकदाच घातलेला’ असे वर्णन असलेला कुर्ता मी साडेतीनशे रुपयांना घेतला. हाताला लागताच शंका आली. माझे आजोबा मुंबईच्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या अडीच लाख कामगारांच्या संपात त्यांचेही काम गेले, तेव्हा ते गावी आले ते कायमचे. कापड विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा त्यांचा काडेपेटीवर अधिक विश्वास असे. त्यांनी शिकवले होते तसे मी शिवणीच्या आतल्या जादा कापडातून दोन-तीन धागे ओढले आणि चिमट्यात धरून निरांजनाच्या ज्योतीवर नेले. निखळ सूत असेल तर ते कागदासारखे भुरकन पेटते, वासही जळक्या कागदाचा येतो आणि उरलेली करडी राख बोटांत चुरते. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्यासारखी दुर्गंधी येते. माझे धागे आधी आक्रसले, मग पेटले, आणि टोकाला मोहरीएवढा काळा, कडक मणी राहिला. पॉलिएस्टरची भरपूर भेसळ होती. तक्रारीला उत्तर आले की व्यवहार पूर्ण झालेला आहे.

पॉलिएस्टर खनिज तेलापासून होते आणि प्रत्येक धुण्यात त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात, हे मला माहीत होते. आमच्या न्हाणीचे पाणी वहाळातून थेट खाडीला जाते. म्हणून तो कुर्ता मी रागाने बाजूला फेकला होता. पण श्रावणात, माजघरातल्या दांडीवर बाबांचे सुती शर्ट तीन-तीन दिवस ओले लोंबत असताना, तो एका रात्रीत वाळून सकाळी घालता येऊ लागला, तेव्हा मला माझे तत्त्व थोडे सैल करावे लागले. आजोबासुद्धा सुताचे एवढे अभिमानी असून सणावाराला टेरिकॉटची, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टरच्या मिश्रणाची पँट घालत, हे मला त्या निमित्ताने आठवले. तेवढाच एक कुर्ता मी ठेवला आणि तो कमीत कमी वेळा धुतला.

इथल्या हवेत कपडा टिकवणे हेच मुळात वेगळे शास्त्र आहे. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी हुक आणि टाचण्या गंजतात आणि कापडावर तांबूस डाग पडतात. त्यांवर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवले की बहुतेक डाग जातात, पण सुती पांढऱ्या कापडावर हे करावे, रंगीत रेशमावर करू नये, हे मी एक ब्लाउज घालवून शिकले. काजूच्या बोंडूच्या रसाचा डाग मात्र कशानेही जात नाही. म्हणूनच आमच्याकडे कपड्यांची उतरंड ठरलेली आहे. बाहेर जायचा कपडा जुना झाला की घरात, घरातला विटला की काजूच्या बागेत, मग चुलीवरचे भांडे उतरवायला मसोते, मग पायपुसणे, आणि सर्वांत शेवटी पोतेरे. त्यानंतरही सुती चिंधी माडाच्या आळ्यात टाकली की दीड-दोन पावसांत तिचा मागमूस राहत नाही. पॉलिएस्टरची चिंधी मात्र आळे खणताना जशीच्या तशी वर येते. गेल्या वर्षी माझ्या शाळेच्या दिवसांतल्या ओढणीचा एक तुकडा वर आला.

माझ्या नेमाच्या वर्षात, जानेवारीत, चुलतभावाला मुलगी झाली. दुकानातून झबल्यांचे खोके येऊन पडले होते, तरी आईने आजीचे नऊवारी लुगडे काढले आणि फाडायला बसली. धुऊन धुऊन ते सायीसारखे मऊ झाले होते. तान्ह्या बाळाच्या अंगाला नवे कापड टोचते म्हणून पहिली दुपटी जुनेराचीच करायची, ही रीत मला ऐकून ठाऊक होती. पण ती पाहताना लक्षात आले की ज्या घरात दुसऱ्याचे घालण्याचा संकोच बाळगतात, त्याच घरात माणसाच्या अंगाला लागणारे पहिले कापड दुसऱ्याचेच असते.

मूळच्या एकशे एकोणचाळीसांचे काय झाले तेही सांगायला हवे. चिठ्ठीवाल्या सव्वीसपैकी एकोणीस माझ्या मामेबहिणीने रत्नागिरीत वसतिगृहातल्या मैत्रिणींना रविवारी खोलीत मांडून विकले. मुलींनी घासाघीस केली, ते मला बरे वाटले. घासाघीस करणारा माणूस उपकार घेत नसतो. काही साड्या आणि सुती ओढण्या गोधड्यांत गेल्या. पुण्यातले स्वेटर रत्नागिरीच्या हवेत निरुपयोगी होते, ते भंगारवाल्याने नेले. असे लोकरी कपडे देशभरातून आणि परदेशांतूनही पानिपतला पोचतात, तिथे ते रंगांप्रमाणे निवडून, बटणे आणि चेन काढून पिंजले जातात आणि त्या पिंजलेल्या तंतूंचे पुन्हा सूत निघते. आपत्तीच्या वेळी वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे पुष्कळदा त्याच सुताची असतात. चिपळूणला हातात घेतलेले ते करड्या रंगाचे, जाड आणि थोडे टोचणारे ब्लँकेट मला तेव्हा आठवले.

वापरलेला कपडा घेतला म्हणून सावरच्या किंवा तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या शिवणाऱ्या बाईच्या हातात एक पैसाही जात नाही, आणि माझ्या वहीत तिच्या नावाची जमा रकाना कोराच राहिला. एक किलो सुती कापडामागे जगात सरासरी दहा हजार लिटर पाणी लागते असा हिशेब आहे. ते थोडेसे वाचले असेल, एप्रिलमध्ये आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला की हा आकडा अंगावर येतो. वहीत ठामपणे लिहिता येईल असे एवढेच, की आदल्या वर्षी कपड्यांवर एकतीस हजार रुपये गेले होते आणि या तेरा महिन्यांत चार हजारांच्या आत भागले, त्यांतले निम्मे शिंपीकाकांना मिळाले.

२०२४च्या मार्चमध्ये, काजू वेचण्याच्या दिवसांत, काकी एका दुपारी पिशवी घेऊन ओटीवर आल्या. "ताई, तुम्ही वापरलेलं विकत घेता म्हणे." पिशवीत आमसुली रंगाची, बारीक काठाची सुती साडी होती. "भाचीच्या लग्नात घेतली. दोनदाच नेसले. मला नाही जात हा रंग. चारशे द्या." मी साडी उलगडून उजेडात धरली. खांद्याशी पिन गंजल्याचा एक डाग होता, तो दाखवून मी तीनशे म्हटले. काकींनी डागावर नख घासून पाहिले. "हा लिंबानं जाईल. तुम्हाला माहितेय." शेवटी साडेतीनशे ठरले. पैसे मोजून कनवटीला लावताना त्या म्हणाल्या, "फॉल एका बाजूनं सुटलाय, तो तेवढा घालून घ्या."

९ एप्रिलला, पाडव्याच्या सकाळी, तीच साडी नेसून मी खळ्यात गुढीला हार घालत होते. काकी वाडीतून पाण्याला निघाल्या होत्या, त्या गडग्यापाशी थांबल्या आणि त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "निऱ्या जरा खाली घ्या, ताई," त्या म्हणाल्या. "पोटऱ्या दिसतायत."